सवयी, शिस्त आणि चारित्र्य: अभ्यासिकेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेत मी अभ्यासिका चालवते. स्पर्धा परीक्षांची मुलं-मुली, सीए करणारे, शनिवार-रविवारपुरते येणारे हिंजवडीचे नोकरदार आणि अधूनमधून त्यांचे आई-वडील, सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. फी, लॉकर आणि वायफायचे प्रश्न वेगळ्या कागदावर आहेत, हे बाकीचे. मतं माझी आहेत. जिथे संशोधनाचा आधार आहे तिथे तो सांगितला आहे.

सवय लागायला २१ दिवस लागतात, हे खरं का?

नाही. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनपासून सुरू झाला. शस्त्रक्रियेनंतर आरशातला नवा चेहरा आपला वाटायला रुग्णाला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. ते त्यांनी १९६० साली लिहिलं. पुढे व्याख्यानं देणाऱ्यांनी त्यातलं ‘निदान’ गाळलं, चेहरा गाळला आणि २१ तेवढे ठेवले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे लक्ष ठेवलं. प्रत्येकाने एकच नवी गोष्ट निवडली होती. कुणी जेवताना एक फळ खायचं ठरवलं, कुणी पाणी प्यायचं, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळायचं. ‘आता हे न ठरवताच होतं’ असं वाटायला किती दिवस लागले, याचा मधला आकडा ६६ आला. पण पल्ला बघा: १८ पासून २५४ पर्यंत. त्यातला २५४ हा आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, कारण प्रयोगच ८४ दिवसांचा होता. पाण्यासारखी सोपी सवय लवकर लागली, व्यायामाने बराच जास्त वेळ घेतला.

तेव्हा बाविसाव्या दिवशीही पुस्तक उघडणं जिवावर येत असेल, तर तुमच्यात काही खोट आहे असं समजू नका. नव्याचे नऊ दिवस संपले, एवढाच त्याचा अर्थ.

मला पहाटे पाचला उठणं जमत नाही. मग काही खरं नाही का माझं?

पाचला उठणाऱ्यांचा पुण्यात फार दरारा आहे. पर्वतीवर आणि तळजाईवर सकाळी जे काका-काकू भेटतात ते रात्री दहाला झोपलेले असतात, हे मात्र कुणी सांगत नाही. तुम्ही हिंजवडीहून साडेदहाला घरी पोचत असाल आणि झोपायला एक वाजत असेल, तर पाचला उठणं म्हणजे चार तासांची झोप. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास लागतात. आठला उठा, पण रोज आठलाच उठा, रविवारीसुद्धा.

इच्छाशक्तीच कमी पडते. ती वाढवायची कशी?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हा आहे, आणि माझ्या मते प्रश्नच चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो.

बरीच वर्षं असं मानलं जाई की इच्छाशक्ती वापरली की संपते, मग ती पुन्हा भरून यावी लागते. १९९८ पासून यावर ढिगाने लेखन झालं. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांहून जास्त लोकांवर हे प्रयोगाने तपासून पाहिलं, तेव्हा परिणाम जवळजवळ शून्य निघाला. स्टॅनफर्डचा मार्शमॅलोचा प्रयोगही तुम्ही ऐकला असेल: समोरची मिठाई न खाता थांबलेली चार वर्षांची पोरं पुढे आयुष्यात चमकली, असं त्यातून सांगितलं जातं. २०१८ मध्ये तो धागा मोठ्या संख्येच्या मुलांवर पुन्हा तपासला गेला. थांबणं आणि पुढचं यश यांतला संबंध निम्म्यावर आला, आणि घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर आणखी घटला. ज्याच्या घरी उद्याही मिठाई असणार आहे, त्याला आज थांबणं सोपं जातं. यात नवल काय?

मग चालतं काय? जागा आणि वेळ. वेंडी वुड या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना दर तासाला आपण काय करतोय ते नोंदवायला लावलं. २००२ च्या त्या अभ्यासात सुमारे ४३ टक्के कामं अशी निघाली, जी जवळपास रोज आणि बहुतेक त्याच ठिकाणी होत होती, आणि पुष्कळदा ती करताना मन भलतीकडेच होतं. त्यांच्याच गटाचा २०११ चा एक प्रयोग मला फार आवडतो. थिएटरात आलेल्या लोकांना काहींना ताजे, तर काहींना आठवड्याचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही तेवढेच खाल्ले! तशीच सवय असलेले दुसरे लोक साध्या खोलीत बसून गाण्यांचे व्हिडिओ बघत होते, त्यांनी शिळ्याला फारसा हात लावला नाही. थिएटरातही डाव्या हाताने खायला लावलं, म्हणजे नेहमीचा हात अडवला, तर खाणं कमी झालं. हात चालतो तो जागेच्या हुकमावर. चव नंतर.

म्हणून आमच्याकडे नोंदवहीशेजारी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. मोबाइल त्यात. सायलेंट करून उलटा ठेवला तरी टेबलावर नको. सुरुवातीला मुलं कुरकुरतात, ‘ताई, मी बघत नाही हो.’ खरंच बघत नसतील. पण न बघण्याचं काम दिवसभर करत बसतात, आणि तेच दमवणारं असतं. डब्यात टाकला की ते कामच उरत नाही.

शहाणपणा निश्चय बळकट करण्यात नाही. तोच निश्चय रोज नव्याने करावा लागू नये, अशी सोय करण्यात आहे. पुढची निम्मी उत्तरं याच एका गोष्टीभोवती फिरतात, आधीच सांगून ठेवते.

सोय करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी ‘रोज अभ्यास करीन’ हे वाक्य खोडा. त्यात कधी नाही, कुठे नाही. त्याऐवजी लिहा: ‘जेवणाचा डबा धुऊन ठेवला की सहा नंबरच्या टेबलावर बसून कालच्या टिपणांचं एक पान बघेन.’ एखादी रोज नक्की होणारी गोष्ट घ्यायची आणि नवी गोष्ट तिच्या शेपटीला बांधायची. पीटर गोल्विट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी अशा ‘अमुक झालं की तमुक करेन’ पद्धतीच्या योजनांवर काम केलं. २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडला गेला आणि नुसत्या इच्छेपेक्षा अशी योजना केलेले लोक स्पष्टपणे पुढे निघाले.

आमच्याकडची काही उदाहरणं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली, त्यामुळे हाताला लिहायचा सराव हवा. एक मुलगी सकाळी आल्या आल्या, पाण्याची बाटली भरून आणली की पेनाने एक उत्तर लिहिते आणि मगच पुस्तक उघडते. वनाझहून मेट्रोने येणारा एक जण गाडीत बसला की इंग्रजी शब्दांची वही काढतो. उभं राहावं लागलं तर नाही काढत. हे त्याने आधीच ठरवलंय, म्हणून उभा असताना त्याला अपराधी वाटत नाही. बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंनी पळायचे बूट दाराबाहेरच्या स्टँडवरून उचलून पलंगाखाली आणले. बाकी काहीच बदलावं लागलं नाही.

पहिला महिना पायरी हास्यास्पद वाटेल इतकी छोटी ठेवा. एक पान म्हणजे एकच पान. जास्त झालं तर आनंद आहे, पण वहीत खूण एका पानालाच. परीक्षेला दोन महिने उरलेल्याने हे करू नये. त्याने सरळ वेळापत्रक लावावं आणि सवयींच्या गोष्टी निकालानंतर कराव्यात.

एखादा दिवस चुकला तर सगळं पहिल्यापासून?

नाही. लॅलींच्या अभ्यासात एखाद्या दिवसाच्या खाड्याने सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नव्हता. बिघडतं ते दुसऱ्या दिवशी, ‘गेलंच आता’ म्हणून सोडून दिल्यावर. गणपतीचे दहा दिवस आणि दिवाळी आधीच कॅलेंडरवर सुट्टी म्हणून लिहून टाका. लिहिलेली सुट्टी खाडा होत नाही.

एकट्याने जमत नाही, मित्र पाहिजेत का?

पाहिजेत. पण कसले, ते बघा.

दरवर्षी एक गंमत दिसते. जो मुलगा सलग चाळीस मिनिटं खुर्चीत टिकत नाही, तोच जुलै लागला की ढोल-ताशा पथकाच्या सरावाला रोज संध्याकाळी नदीपात्रात हजर असतो. पाऊस असो, अंग दुखो. महिना-दीड महिना. कुणी मारून मुटकून पाठवत नाही. पण वेळ ठरलेली, जागा ठरलेली, ढोल कमरेला बांधून देणारा कुणीतरी शेजारी उभा, आणि आला नाहीस तर ओळीत एक जागा रिकामी दिसते. यातलं काय अभ्यासाला लावता येईल, ते बघा. दोघांनी मिळून रोज सातला एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचं ठरवलं तरी पुरे. एकमेकांना प्रेरणा देणारे संदेश पाठवणारा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र नको. त्यात प्रेरणाच तेवढी होते.

सवयी ठीक आहेत. पण चारित्र्य म्हणजे काय? ते सवयीने येतं का?

बऱ्याच अंशी येतं, पण लोक समजतात तसं नाही.

१९२८ मध्ये अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा तपासला. परीक्षेत नक्कल, खेळात लबाडी, पैशांची चोरी, खोटं बोलणं, असे वेगवेगळे प्रसंग मुद्दाम घडवून आणले. अपेक्षा अशी की काही मुलं सगळीकडे प्रामाणिक निघतील आणि काही सगळीकडे लबाड. तसं फारसं निघालं नाही. गणिताच्या पेपरात नक्कल करणारा पैशाला हात लावत नव्हता, आणि उलटही. ‘प्रामाणिक मुलगा’ असा एकसंध शिक्का मारणं कठीण झालं.

यावरून चारित्र्य असं काही नसतंच, असा अर्थ काढणारेही आहेत. मला तसं वाटत नाही. मला त्यातून एवढं दिसतं की ते एकगठ्ठा मिळत नाही. पैशाचा प्रामाणिकपणा वेगळा कमवावा लागतो, वेळेचा वेगळा, शब्दाचा वेगळा.

आमच्याकडे चहाचा थर्मास आणि त्याच्याशेजारी एक वही असते. कप घेतला की आपल्या नावापुढे रेघ मारायची, महिन्याच्या शेवटी पैसे. बघायला कुणी नसतं. रेघांत फार तूट कधी येत नाही. पण त्याच मुलांची हजेरीची वही उघडा! ‘आल्याची वेळ’ या रकान्यात सगळीकडे ७.००, ७.३०, ८.०० असे गोल आकडे. सात वाजून अठरा मिनिटांनी कुणीच येत नाही या पेठेत. चहाच्या दहा रुपयांना जपणारं पोर अठरा मिनिटं सहज खिशात घालतं, आणि त्याला ते लबाडी वाटतही नाही, कारण फसवला जाणारा तो स्वतःच असतो.

यावर उपदेश करून काही झालं नाही. मग रकान्यावर लिहिलं, ‘घड्याळात बघून मिनिटांसकट लिहा,’ आणि घड्याळ वहीच्या अगदी वर टांगलं. आता ७.१८ दिसायला लागलंय. आणि ७.१८ असं स्वतःच्या हाताने लिहावं लागलं की माणूस दुसऱ्या दिवशी जरा लवकर निघतो.

म्हणजे शिस्तशीर माणूस चांगलाच असतो?

मुळीच नाही. पहाटे उठणारे, डायरी लिहिणारे, वेळ पाळणारे लबाड लोक तुम्हीही पाहिले असतील. सवय माणसाला पोचवते. कुठे पोचायचं ते त्याने ठरवायचं असतं.

पुण्यातलं एखादं उदाहरण सांगा ना, परदेशी प्रयोग पुरे.

दोन सांगते.

धोंडो केशव कर्वे १८९१ पासून १९१४ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. ते कॉलेज चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाल्यावर तुटपुंज्या पगारावर वीस वर्षं शिकवायची शपथ घ्यावी लागे. मला ही शपथ फार हुशारीची वाटते. जास्त पगाराची नोकरी समोर आली की दर वेळी नव्याने तोलत बसायला नको, निकाल आधीच लागलेला. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला, तेव्हा तिथे माळरान होतं. कर्वे हिंगण्याहून कॉलेजला पायी जात आणि शिकवून पायी परत येत. आज त्याच रस्त्याचं नाव कर्वे रस्ता आहे आणि आपण तिथे सिग्नलला उभे राहून वैतागतो. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये वयाच्या शंभरीत भारतरत्न. यातली मोठी नावं सगळ्यांना पाठ असतात. मला त्या पायपिटीचं अप्रूप आहे, कारण ती सोमवारीही होती आणि मंगळवारीही.

दुसरं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचं. महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथे १९१९ मध्ये हाती घेतली आणि १९६६ मध्ये पुरी झाली. देशभरातून आणि बाहेरून आलेल्या १२५९ हस्तलिखितांतले पाठ श्लोकागणिक कागदावर मांडायचे, एकमेकांशी ताडून बघायचे, पुढचा श्लोक घ्यायचा. काम १९२५ पासून वि. स. सुकथनकरांच्या हाती होतं. ते १९४३ मध्ये गेले, तेव्हा अर्धं अजून बाकी होतं. ते थांबलं नाही. कारण ते एका माणसाच्या उत्साहावर उभं नव्हतं, कागदावर पाठ मांडायच्या ठरलेल्या रीतीवर होतं. पुढच्या माणसाने तीच रीत उचलली. टिकाऊ यश म्हणतात ते मला तरी असं काहीतरी दिसतं.

मुलगा अकरावीत आहे. दिवसभर मोबाइल. वळण कसं लावायचं?

वहिनी, आधी एक विचारते: रात्री जेवताना तुमचा आणि भावोजींचा फोन कुठे असतो?

नियम घराला लावा, एकट्या मुलाला नको. रात्री साडेनऊला सगळ्यांचे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला, आजोबांचासुद्धा. गजरासाठी शंभर-दोनशे रुपयांचं घड्याळ आणा, म्हणजे ‘गजर लावायचाय’ ही सबब जाईल. मुलगा आठवडाभर तणतणेल. तेवढे दिवस लेक्चर देऊ नका, शेजारच्या मुलाचे मार्क तर अजिबात काढू नका. आणि कधी त्याने आपणहून फोन ठेवला तर ‘आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं’ हे वाक्य गिळा. पुण्यात हे सगळ्यांत अवघड आहे, मला माहीत आहे.

तंबाखू, सिगारेट, रात्रभर रील्स... वाईट सवय मोडायची कशी?

मोडण्यापेक्षा तिची जागा काढून घेणं सोपं. सिगारेट टपरीवर चहाबरोबर होत असेल तर महिनाभर त्या टपरीवरचा चहा बंद; चहा आमच्या थर्मासमधला घ्या. खोली बदलताय, कॉट बेसिसवर नवीन ठिकाणी जाताय, तर ती संधी सोडू नका. जुन्या खुणा नसल्या की जुनी सवय लंगडी पडते. विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्यांवर २००५ मध्ये झालेल्या अभ्यासात असंच दिसलं होतं. नव्या खोलीत पहिल्या रात्री चार्जर पलंगापासून लांब लावा. दुसऱ्या आठवड्यात तो हलवणं होत नाही.

पण तंबाखू आणि दारू यांत शरीरही अडकलेलं असतं, तिथे जागा बदलून भागेलच असं नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. झोप उडाली असेल, सतत निराश वाटत असेल तर टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक लावा, तोही मोफत. याला कुणी कमकुवतपणा म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा.

सवयींचं ॲप वापरू की वही?

काहीही. वहीत नोटिफिकेशन येत नाहीत, हा माझा पक्षपात. बेंजामिन फ्रँकलिनने तेरा गुणांचा तक्ता आखला होता, दर आठवड्याला एका गुणाकडे खास लक्ष, चुकलं की काळा ठिपका. नीटनेटकेपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही, हे त्यानेच लिहून ठेवलंय. तुम्ही तेरा घेऊ नका. एक घ्या.

सगळं केलं, तरी निकाल लागला नाही तर? चार वर्षं झाली, ताई.

हा प्रश्न रात्री उशिरा, बाकीचे गेल्यावर विचारला जातो.

पहिलं म्हणजे, जागा थोड्या आणि उमेदवार लाखांत, तिथे उत्तम सवयींचा माणूसही राहतो. सवय म्हणजे निकालाची हमी असं मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि जो क्लासवाला सांगतो त्याची फी भरू नका. लिहायची, वेळ पाळायची, मिनिटांसकट खरं सांगायची सवय पुढच्या नोकरीत उपयोगी पडते, हे खरं आहे. पण आज रात्री त्याने समाधान होणार नाही, तेही कळतं.

दुसरं जास्त कामाचं आहे. थांबायचं कधी, हेही आधीच ठरवायचं असतं, आणि पूर्वपरीक्षेच्या निकालानंतरच्या आठवड्यात तर ते मुळीच ठरवायचं नाही. त्या आठवड्यात माणूस एक तर सगळं सोडतो, नाहीतर रागाने आणखी दोन वर्षं मागतो. शांत असताना बसा. आणखी किती प्रयत्न, कोणत्या महिन्यापर्यंत, घरून किती पैसे घ्यायचे, आणि नाही झालं तर पहिला अर्ज कुठे करायचा, हे चार मुद्दे वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. खाली तारीख घाला. मग ते पान घरी एकाला दाखवा: बाबांना जड जाणार असेल तर दादाला, नाहीतर ताईला. दाखवताना फोनवर फोटो पाठवू नका, सुट्टीत घरी जाल तेव्हा समोर बसून दाखवा.